पहिलं मेंढरू

एक होता सायबण्णा. एक होती त्याची बायको, सुताबाई. दोघांच्या पोटी एकच लेक, तिचं नाव मायाक्का. आणि एक होते म्हाकूतात्या, सायबण्णाचे ढोलातले गुरू.

जातीचे धनगर. राहायला माळावर. माळ असा, की मधोमध उभं राहिलं तर चारी अंगांना आभाळ जमिनीला टेकलेलं दिसायचं. आता तिथं पवनचक्क्या फिरतात. तेव्हा फिरायची ती फक्त मेंढरं.

तर त्या दिवशी भर दुपारी सायबण्णा तात्यांसमोर उभा राहिला नि म्हणाला,

“तात्या, ताल सुरू कुठनं हुतो?”

तात्या बाभळीखाली लोकर कातत बसले होते. हातातली चाती गरगरत होती. ती गरगरतच राहिली.

“इचारतोय मी.”

“ऐकतोय मी.”

“मग सांगा की. कुणाच्या ढोलात सुरू हुतो? का हातात? का डोस्क्यात?”

“तुला कशाला पायजे?”

सायबण्णा तिकडं, मेंढरांकडं तोंड करून म्हणाला,

“तिथनंच उपटून टाकतो त्येला. मुळासकट.”

चाती थांबली.

आता ज्याचं सगळं आयुष्य ढोलावर, त्यानं असं का म्हणावं? तर ते मागून सांगायला पाहिजे.

धनगरांच्या गजी नाचाचा ढोल पूर्वी तात्यांचा. जत्रेत बिरोबाच्या देवळापुढं वीस-पंचवीस ढोलांचं कडं उभं राहायचं. मधे रुमाल घेतलेले गडी नाचायचे. पण तात्यांच्या कड्यात सगळे ढोल एकदम कधी पडायचे नाहीत. एकाचं ऐकून दुसरा पडायचा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा. वाऱ्याची झुळूक बाजरीच्या रानात एका बांधावरनं शिरते नि दुसऱ्या बांधाला निघते, तसा ठोका कड्यातनं फिरायचा. बायका लेकरांना मांडीवर घेऊन बसायच्या. लेकरं झोपी जायची, ढोलाच्या त्या दणक्यात! आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

तात्या शिकवताना एकच गोष्ट सांगायचे. “टिपरू मारायला कुणीबी शिकतंय. उचलायला शिक.”

टिपरू म्हणजे ढोल वाजवायची काठी. सायबण्णाचा हात तात्यांच्या सगळ्या चेल्यांत देखणा. पण त्याला ते उचलायचं कधी पटलं नाही.

एकदा तो सांगलीला लोकर विकायला गेला नि तिथं पोलिसांची परेड बघून आला. शिट्टी वाजली की शंभर पाय एकदम पडत. आला तो बाजारातनं शिट्टी घेऊनच आला. गळ्यात बांधली. पोरांना घाम फुटेतोवर घोटून घेतलं.

“ठोका म्हंजे एक ठोका. मागं न्हाई, फुडं न्हाई. ज्येचा मागनं पडंल त्येनं ढोल ठेवून घरला जायाचं.”

पुढच्या जत्रेत शिट्टी वाजली नि सगळे ढोल एकदम पडले. देवळावरची पाखरं उडाली. आसपासच्या गावांत नाव झालं. लोक म्हणायला लागले, ढोल बघावा तर सायबण्णाचा.

तात्या एका धोंड्यावर बसून बघत होते. सायबण्णा घाम पुसत त्यांच्यापाशी गेला.

“कसं वाटलं, तात्या?”

“लई सरळ हाय.”

“मग? वाईट हाय व्हय?”

“न्हाई गा. पर सरळ वाटंला मेंढरू दमतं.”

पोरं हसली. म्हातारा जळतोय, म्हणाली. सायबण्णाही हसला. तात्या घोंगडं झटकून उठले, ते पुढं कड्यात आलेच नाहीत.

त्याच्या पुढल्याच जत्रेत ते झालं.

ढोल रंगात आलेले. मायाक्का आईच्या शेजारी उभी. आठ-नऊ वर्षांची पोर, हातात चिरमुऱ्यांचा पुडा. एकाएकी पुडा पडला, डोळे वर गेले, पोर ताठ झाली नि खाली कोसळली. हातपाय उडायला लागले. तेही ठोक्यात.

“आली! बिरोबाची भण आली!” कुणीतरी ओरडलं.

चिंचणीची मायाक्का बिरोबाची बहीण, असं धनगर मानतात. पोरीचं नावही तेच. मग काय विचारता! भंडारा असा उधळला, की पोर हळदीनं पिवळी झाली. बाया पाया पडल्या. सायबण्णाची छाती ढोलाएवढी झाली. माझ्या ढोलावर देव उतरला, आणि उतरला तोही माझ्याच लेकीत! त्यानं ढोल थांबवला नाही. उलट शिट्टी जोरात फुंकली.

सुताबाईनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. पदराला रक्त लागलं.

घरी आल्यावर तिनं तो पदर नवऱ्यापुढं धरला.

“पोरीनं जीभ चावलीया.”

“अंगात आलं की हुतं तसं.”

“अंगात येणारा देव चार शब्द बोलतो. ह्यो चावून जातोय. असला कसला हो तुमचा देव?”

दुसऱ्या दिवशी लांबच्या गावची माणसं नारळ घेऊन दारात आली, तेव्हा सायबण्णानं पोरीला नवं परकर-पोलकं घालून पाटावर बसवलं.

माणसं गेल्यावर पोरीनं विचारलं, “आबा, माझ्या अंगात देव आला तवा मी काय बोलले?”

“तुला आठवत न्हाई?”

“मला नुसता ढोल आठवतोय. मग एकदम आई.”

सायबण्णानं हसून तिच्या पाठीवर थाप मारली. पण ते वाक्य त्याच्या कानात कुसळासारखं राहिलं.

वर्षभर असंच चाललं. कुठं ढोल असला, की पोरीला न्यायचं. कधी ती पडायची, कधी नुसतीच टक लावून बघत राहायची नि हाक मारली तरी ओ द्यायची नाही. लोक म्हणायचे, देवी ध्यानात आहे.

आणि मग एक दिवस ती चुलीपाशी पडली.

भाकरी भाजत होती. आई पाण्याला गेलेली. उजवा हात तव्यावर गेला नि तिथंच राहिला. सायबण्णा धावत आत आला तेव्हा हातपाय उडत होते. ठोक्यात.

घरात ढोल नव्हता. गावात नव्हता. त्या दिवशी माळावर साधं वारंसुद्धा नव्हतं.

म्हणून तो तात्यांपुढं येऊन उभा होता.

“ढोल नव्हता, तात्या. तरी ताल आला. माझाच ताल हुता त्यो, मी वळखतो की. माझ्या ढोलातनं पोरीच्या डोस्क्यात जाऊन बसलाय. मला सांगा त्यो कुठनं सुरू हुतो. तुम्हाला ठावं हाय. आजवर तुम्ही मला सगळं सांगितलं न्हाईसा.”

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग मेंढरांकडं बघितलं.

दुपारची वेळ. चरून आलेली मेंढरं सावलीला बसली होती. सगळ्यांचे जबडे हलत होते. कोणाचा आधी, कोणाचा मागून, पण सगळ्या कळपातनं एक मंद हेलकावा चालला होता. जबडा हलला की मान हलायची. मान हलली की गळ्यातली घंटी अगदी बारीक वाजायची. इकडनं सुरू होऊन तिकडं जायची, तिकडनं परत यायची.

“रवंथ चाललाय,” तात्या म्हणाले.

“दिसतंय की.”

“ज्येनं पहिल्यांदा सुरू केला ते मेंढरू धरून आण.”

“आँ?”

“पहिलं मेंढरू. जा.”

सायबण्णाला राग आला. पण गुरूचा शब्द! गेला. पहिल्या रांगेतल्या एका काळतोंडीपाशी जाऊन उभा राहिला. काळतोंडीनं चघळायचं थांबवलं नि मान वर करून त्याच्याकडं बघितलं. शेजारणीनं थांबवलं. तिच्या शेजारणीनं थांबवलं. घंट्या गप्प झाल्या. सगळा कळप कान टवकारून, हा बाबा आला कशाला, म्हणून बघत राहिला.

सायबण्णा हात हलवत परत आला. बसतो न बसतो तोच मागनं घंट्या सुरू.

तो पुन्हा उठला. या खेपेला वळसा घालून मागनं गेला. वाकून, पाय न वाजवता. पुन्हा घंट्या गप्प. पुन्हा सगळे कान उभे.

एकदा तर त्यानं घोंगडं पांघरलं नि चार पायांवर रांगत गेला. म्हातारा एडका उठला नि त्याला ढुशी देऊन खाली बसला.

तात्या हसले नाहीत. म्हणजे, वर बघत राहिले.

ऊन कलल्यावर सायबण्णा धुळीनं माखलेला येऊन बसला.

“घावलं?”

“मी गेलो की समदी थांबत्यात.”

“आन् आलास की?”

“चालू.”

“मग पहिलं कोण?”

“तात्या, माझी पोर भाजलीया. आन् तुम्ही मला कोडी घालताय.”

“तुझी बायकू काय म्हणती?”

“म्हणती मिरजंला चला. डोस्क्याच्या डाक्टरकडं.”

“मग जा की. मेंढरं मी राखतो.”

“आन् माझं उत्तर?”

“मेंढरांपाशी हाय,” तात्या म्हणाले नि चाती उचलली. “तू बसलास तर कवातरी घावंल.”

मिरजेचा तो मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टरीण उजगरेबाई म्हणजे पांढऱ्या पातळातली बारकी बाई, आवाज मात्र मायेचा. त्यांनी आधी पोरीचा भाजलेला हात बघितला, मग डोळे, मग सुताबाईला एकेक गोष्ट विचारली. कशी पडते, आधी काय होतं, नंतर काय होतं. सायबण्णा मधे बोलायला लागला तर हात वर करून म्हणाल्या, “दादा, आधी आईला बोलू दे.”

मग पोरीला एका खोलीत नेलं, खाटेवर निजवलं नि तिच्या डोक्याला जागोजाग चिकट मलम लावून त्यात तारा बसवल्या.

“माझी लोकर कातरणार?” मायाक्का घाबरून म्हणाली.

बाई हसल्या. “नाही गं. तुझी लोकर तुलाच.”

तारा गेल्या होत्या एका पेटीत. पेटीवर शाईचे बारीक टाक ओळीनं बसवलेले. खालून कागद सरकायला लागला नि टाक थरथरायला लागले. प्रत्येकाची आपली वेगळी नक्षी. सायबण्णाला वाटलं, टिपरं घेऊन माणसं ओळीत उभी आहेत.

“बाई, ह्ये काय लिहितंय?”

“तिच्या डोक्यातल्या लाटा.”

“लाटा? डोस्क्यात पाणी हाय?”

“पाणी नाही हो. डोक्यात बारीक बारीक पेशी असतात. अगणित. माळावर गवताच्या काड्या असतात ना, त्याहून जास्त. प्रत्येक पेशी बोलते. पण एकटीचं बोलणं इतकं हळू असतं, की ते या कागदापर्यंत पोचत नाही. शेजारणीचा नि तिचा ठेका जुळला, दोघींचा तिसरीशी जुळला, की मग लाट होते. ती इथून तिथं जाते. ती इथं उमटते.”

“आन् ठेका जुळतो कसा?”

“काही पेशी म्हणतात, चल. काही म्हणतात, थांब. चल म्हणणाऱ्यांनी जोर धरला, की थांब म्हणणाऱ्या जाग्या होतात नि त्यांना दाबतात. मग त्या स्वतःच दमतात, की पुन्हा चल म्हणणाऱ्या उठतात. उठ, बस. उठ, बस. असा ठेका होतो.”

सायबण्णा नुसता ऐकत होता. टिपरू मारायला कुणीबी शिकतंय…

“मायाक्का, डोळे मीट बाळ,” बाई म्हणाल्या.

पोरीनं डोळे मिटले. आणि कडेचे टाक, जे डोक्याच्या मागच्या बाजूला जोडले होते, ते सावकाश झुलायला लागले. एक हेलकावा, मग दुसरा, मग तिसरा. संथ. एकासारखा एक, पण सगळे एकदम नाहीत. जरा मागं, जरा पुढं.

“उघड.”

पोरीनं डोळे उघडून इकडंतिकडं बघितलं. हेलकावा मोडला. टाक पुन्हा आपापलं गिरमटायला लागले.

“मीट.”

पुन्हा हेलकावा.

सायबण्णाच्या तोंडाचा आ झाला. “बाई… ह्यो तर रवंथ हाय.”

“काय आहे?”

“काय न्हाई. तुमचं चालू द्या.”

पण त्याला राहवेना. जरा वेळानं त्यानं विचारलंच. “बाई, ह्या समद्यांत पहिली कोण? पहिल्यांदा सुरू कोण करतंय?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “अशी एकच म्होरकी नसते, दादा. आत खोलवर एक जागा आहे, ती ठेका धरून देते. पण वरच्या पेशी त्या ठेक्याला साथ देतात, त्याच खालीही कळवतात. ती यांचं ऐकते, या तिचं ऐकतात. पहिली कोण, हे शिकलेली माणसंही अजून भांडून भांडून बघतायत.”

मग त्यांनी पोरीच्या हातात कागदाची भिंगरी दिली. “फुंक बघू. फिरत राहिली पाहिजे.”

पोर फुंकायला लागली. भिंगरी भिरभिरली. टाक थरथरत राहिले. बाईंची नजर आता कागदावर नव्हती, पोरीच्या तोंडावर होती.

आणि एकाएकी सगळे टाक एकदम उठले.

एकदम उठले, एकदम पडले. उठले, पडले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी मागं नाही, कुणी पुढं नाही.

सायबण्णा ताडकन उभा राहिला.

“ह्ये! ह्ये बघा!” त्याचा चेहरा खुलला. “आता कसं जमलं! आत्तापतोर ज्येचं त्येचं चाललं हुतं. सुते, बघ गं! माझी पोरं अशीच वाजवत्यात! एक ठोका म्हंजे एक ठोका!”

भिंगरी थांबली होती.

पोर टक लावून कुठंतरी बघत होती. तोंड फुंकायच्या बेतात तसंच. सुताबाईनं कागदाकडं एकदाही बघितलं नव्हतं. तिनं पोरीचा हात धरला होता.

मग टाक आपसूक खाली बसले. पोरीनं पापण्या हलवल्या नि भिंगरी फुंकायला लागली. मधे काही झालंच नाही, अशी.

“हीच ती आकडी, दादा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

सायबण्णा कागदाकडं बघत राहिला.

“थांब म्हणणाऱ्यांचं कुणी ऐकेनासं होतं. सगळ्या एकदम उठतात, एकदम बसतात. जितका वेळ त्या अशा एक होतात, तितका वेळ तिला बघता येत नाही, ऐकता येत नाही, काही आठवत नाही. लाट मोठी झाली, की ती पडते.”

“माझ्या ढोलानं…?”

“नाही. ढोल नसतानाही पडली ना चुलीपाशी? हे तुम्ही केलेलं नाही. गोळ्या देते. रोज द्यायच्या, न चुकता. मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. बरीच मुलं यातनं बरी होतात.”

“बाई,” सुताबाई आता आपणहून बोलली, “तुम्हाला कागदावर दिसलं. मला तिच्या डोळ्यात दिसतं. मघाशी माझी पोर हितं नव्हती.”

परतीच्या एसटीत मायाक्का खिडकीपाशी बसून भिंगरी वाऱ्यावर धरत होती. सायबण्णा गळ्यातली शिट्टी मुठीत दाबून बसला होता. माळ येईपर्यंत त्यानं मूठ उघडली नाही.

तात्या मेंढरं घेऊन बाभळीखालीच होते.

“तात्या, मी ढोल सोडला.”

“बरं.”

“बरं? आवं, तुम्हीच शिकवलासा न्हवं मला?”

“उचलायचं, सोडायचंच शिकवत हुतो. तू मारायचं तेवढं शिकलास.”

सायबण्णा खाली मान घालून बसला. त्यानं शिट्टी काढून तात्यांच्या हातावर ठेवली. तात्यांनी ती उलटसुलट करून बघितली, फुंकून बघितली, वाजली नाही म्हणून पुन्हा फुंकली. मग ढुशी मारणाऱ्या त्या म्हाताऱ्या एडक्याच्या गळ्यात बांधून टाकली.

“त्येला बी लई हौस हाय,” म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्या. पोर आधी आठ-आठ दिवस सुस्त असायची. सुताबाई गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायची. पडणं विरळ झालं. मग टक लावणं विरळ झालं. सायबण्णा कुणाशी बोलायचा नाही. नारळ घेऊन आलेल्यांना पाणी द्यायचा नि वाटेला लावायचा.

आणि जत्रा आली.

देवळापुढं माणूस मावत नव्हतं. ढोल उभे. पण सायबण्णा कड्यात नाही, कडेला बायको-लेकीजवळ उभा. जकाप्पा कारभारी, गावात ज्याचा शब्द चालायचा तो, भंडाऱ्याची मूठ भरून पुढं आला.

“सायबण्णा, पोरीला मधी आण. माणसं लांबनं आल्यात.”

“ती यायची न्हाई, कारभारी.”

“का म्हणून?”

“आजारी हाय. औषध चालू हाय.”

“औषध? देवीला गोळ्या चारतोस व्हय रं?” कारभाऱ्याचा आवाज चढला. “देव मिरजंत विकून आलास? अशा माणसाचा ढोल ह्या देवापुढं परत वाजायचा न्हाई. तुझी मेंढरं आमच्या रानात बसायची न्हाईत. इचार करून बोल.”

मेंढरं रानात खताला बसायची, बदल्यात धान्य मिळायचं. ती कुणाच्या रानात बसली नाहीत, तर धनगरानं खायचं काय? सायबण्णानं तात्यांकडं बघितलं. तात्या धोंड्यावर बसून तळहातावर तंबाखू मळत होते. वर बघेनात.

सायबण्णा कारभाऱ्याकडं वळला.

“मी तिथं कागदावर माझा ढोल बघितला, कारभारी. असा जमलेला, की इकडचा केस तिकडं न्हाई. मी नाचलो बघून.” त्याचा आवाज फाटला. “त्यात माझी पोर नव्हती.”

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकला नि हात झटकले.

“जकाप्पा, देव कुणात येतो, कुणात न्हाई, ते त्येचं त्यो जाणं. आपण कोण? पर एक सांगतो. देवाला भूक लागत न्हाई. पोरीला लागती.” मग उठून त्यांनी कडेला ठेवलेला ढोल ओढला. “सायबण्णा, घे.”

“सोडलाय की मी.”

“म्हणूनच घे.”

कारभारी मूठ तशीच धरून उभा. सायबण्णानं ढोल गळ्यात अडकवला. कड्यात जाऊन उभा राहिला. तात्याही आले, किती वर्षांनी! पोरांनी टिपरं उचलली.

आणि कुणीच सुरू करेना.

सगळे शिट्टीची वाट बघत होते. एक याच्याकडं बघतो, एक त्याच्याकडं. कुणाचं टिपरू चुकून लागलं, तो ओशाळला. पलीकडं आणखी एकाचं लागलं. कुणीतरी खाकरलं. आणखी एक पडला, मग त्याला जाब देणारा एक… आणि कुठं, कसं, कुणाच्या हातानं, ते कुणाला कळलं नाही, पण ठोका कड्यातनं निघाला. या अंगानं त्या अंगाला. गेला, आणि परत आला. म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. एक आजी पदर डोळ्याला लावून म्हणाली, “आलं गं बाई, आलं. जुनं आलं.”

सुताबाई खाली बसली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं.

पोरीनं डोळे मिटले.

पहिल्यांदा ते सायबण्णानं बघितलं. मग शेजारच्यानं. मग सगळ्या कड्यानं. टिपरं अवघडली. कारभाऱ्याची भंडाऱ्याची मूठ वर गेली. सुताबाईनं बोटं पोरीच्या गालावर ठेवली.

सायबण्णाच्या मनात आलं, ढोल टाकावा, धावत जाऊन बघावं. त्याचा पाय उचलला. शेजारी तात्या वाजवत होते. त्याच्याकडं न बघता वाजवत होते.

त्यानं पाय खाली ठेवला. टिपरू उचललं.

ठोका कड्यातनं फिरून आला. पुन्हा गेला. पुन्हा आला.

पोरीनं एक डोळा उघडला.

“आई, भूक लागली.”

आधी सुताबाई हसली, का रडली, कोण जाणे. मग सगळी जत्रा हसली. कारभाऱ्यानं वर गेलेल्या मुठीकडं असं बघितलं, जणू ती कुणा दुसऱ्याचीच आहे. मग ती मूठ त्यानं गुमान ढोलांवर सोडली. जाताना पोरीपाशी वाकून म्हणाला, “काय खाणार गं? शेव का जिलबी?”

“दोनी,” मायाक्का म्हणाली.

पुढची वर्षं गेली, तशी गेली. मेंढरं रानात बसत राहिली. मायाक्का वाढली. मिरजेच्या बाईंनी एक दिवस कागद बघितला, पोरीला बघितलं नि हळूहळू गोळ्या कमी करत बंद केल्या. त्यानंतर ती कधी पडली नाही. हातावर तव्याचा डाग तेवढा राहिला. शेजारच्याच गावात दिली तिला. जावई मेंढरंवाला, हसतमुख. आणि दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी आली, ती मुलगी घेऊन उठली.

त्या दिवसांतली एक दुपार.

तीच बाभळ. फांदीला झोळी बांधलेली, झोळीत नात. मायाक्का बुंध्याला टेकून बसलेली, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात. अंगठा हलत होता, डोळे मात्र मिटलेले. सुताबाई सुपात बाजरी घोळत होती. सावलीला मेंढरं बसलेली. तात्या आता फार थकले होते, दिसायचंही कमी झालं होतं. घोंगड्यावर उताणे पडले होते.

सायबण्णा बसून बघत होता. झोळी हलत होती. सूप हलत होतं. घंट्या बारीक बारीक वाजत होत्या, इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. कोण कुणाच्या ठेक्यात हलत होतं, काही कळत नव्हतं. झोळीतली चिमुरडी मूठ झोपेतच उघडत होती, मिटत होती.

आणि इतक्या वर्षांनी तो जुना प्रश्न त्याच्या ओठावर आला. आता तरी बघावं. पहिलं कोण? त्यानं हळूच हात टेकला, गुडघा उचलला…

एका मेंढरानं चघळायचं थांबवून मान वर केली.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत.

“बस खाली, सायबण्णा,” ते म्हणाले. “रवंथ चाललाय.”